सुरू न होणाऱ्या इंजिनांची साठ वर्षं

१९६४ च्या डिसेंबरात मुंबईला कुलाब्याच्या कारखान्यातून बत्तीस फुटांची एक सागवानी शिडाची बोट पाण्यात उतरली. बांधकाम सगळं जुन्या पद्धतीचं, वाकस आणि सामत्याच्या जोरावर केलेलं. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. बोटीचं नाव ‘सुहैली’. चार वर्षांनी हीच बोट घेऊन तो एकटा, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, फाल्मथला परतला. असा प्रवास त्याआधी कोणी पुरा केला नव्हता. हा प्रवास एका शर्यतीचा भाग होता. तीत नऊ जण उतरले होते, शेवटपर्यंत पोचला तो एकटाच. हे सगळं पुष्कळांना माहीत असतं. मला त्यातला एक बारीकसा प्रसंग जास्त आवडतो.

बॅटऱ्या चार्ज करायचं त्याचं छोटं इंजिन रुसलं. संशय ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोवर आला. मॅग्नेटोचे पॉइंट साफ करून त्यांच्यातली फट नेमकी बसवायची तर फीलर गेज लागतं, आणि ते सापडेना. फट हवी होती इंचाच्या बारा ते पंधरा हजारांश. त्याने पुस्तक घेतलं, एक इंच जाडीत किती पानं बसतात ते मोजलं. दोनशे. म्हणजे एक पान पाच हजारांश इंचाचं. तीन पानं पॉइंटमध्ये सरकवली आणि फट बसवली. भोवती दुकान नाही, मिस्त्री नाही, जमीनही नाही, अशा ठिकाणी केलेलं हे काम आहे. शिडाच्या बोटीवरच्या इंजिनदुरुस्तीचा मागोवा घ्यायचा तर मी तो इथूनच घेतो. इंजिनं पुढे पार बदलली, आणि या बदलांतच त्या तीन पानांची सोय हळूहळू संपत गेली.

त्याच्याही मागे गेलं तर इंजिनच नव्हतं. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ मध्ये ‘स्प्रे’वरून एकट्याने पृथ्वी फिरून काढली ती निव्वळ शिडांवर. इंजिन आलं ते बंदरातून बाहेर पडायला आणि वारा पडला तर घरी यायला. त्याचा आजार याच नोकरीत आहे. मासेमारीच्या नौकेचं इंजिन दिवसरात्र चालतं, नीट तापतं, त्याची देखभालही होते. शिडाच्या बोटीचं इंजिन महिन्यातून थोडा वेळ चालतं, पुरतं तापायच्या आत बंद होतं आणि मग बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, दमट अंधारात पडून राहतं. बोट वाऱ्याने कलली की तेही कलतं, टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं. वापरून झिजलेली अशी इंजिनं मी फार कमी पाहिली, न वापरल्यामुळे मेलेली मात्र कितीतरी. आपल्याकडे तर पावसाळाभर बोट झाकून ठेवायची रीत. त्यामुळे ऑक्टोबरमधला पहिला सेल्फ हा मुंबईच्या हौशी दर्यावर्दींचा कसोटीचा क्षण असतो. युरोपातले लोक थंडीला दोष देतात. ते निमित्तही आपल्याला नाही.

पेट्रोलचा जमाना अमेरिकेत लांबला. युनिव्हर्सल कंपनीचं ‘अ‍ॅटॉमिक फोर’ १९४७ पासून ऐंशीच्या दशकापर्यंत बनत राहिलं, चाळीस हजारांहून जास्त निघाली. स्वस्त, मऊ आवाजाचं, चार सिलिंडरचं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती गाडीखालून निघून जाते तशी बोटीतून जात नाही, तळाशी साचते. तिथे स्टार्टरची एक ठिणगी पुरे. म्हणून सेल्फ मारण्याआधी चार-पाच मिनिटं पंखा लावून बोटीचं पोट हवेशीर करायचं, हा नियम. अशा इंजिनाने सुरू न होणं परवडतं, भलत्या वेळी सुरू होणं नाही. डिझेलकडे लोक वळले त्यामागे इंधनाच्या बचतीइतकीच ही भीती होती.

सुरुवातीची छोटी डिझेल इंजिनं हँडलची होती, आणि त्यांची ओळख मराठी माणसाला समुद्रावर जाऊन करून घ्यायची गरज नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत त्यांची इंजिनं विहिरी-विहिरींवर जाऊन बसली. पद्धत तीच. डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब बसत नाही. मग हँडल फिरवून जड चाकाला वेग द्यायचा आणि वेग पुरेसा आला की कळ टाकायची. चाकाच्या जोरावर पिस्टन वर जातो, दाबलेली हवा तापते, डिझेल पेटतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. हे वडीलधारे पोरांना ओरडून शिकवायचे. अशा इंजिनाला बॅटरी लागत नव्हती. इंजिन, इंधन आणि दंडात जोर, एवढ्यावर भागायचं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत चित्र पालटलं. १९३३ साली छोटं डिझेल इंजिन काढणाऱ्या जपानच्या यानमारची ‘जीएम’ मालिका १९८० च्या सुमाराला बाजारात आली आणि जगभरच्या मरिनांत पसरली. हलकी, आटोपशीर, सेल्फवर सुरू होणारी. दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनांना हँडल मारणं जवळजवळ अशक्यच, कारण बोटीच्या कोनाड्यात हात फिरवायलाच जागा नसते. हँडल गेलं आणि त्याबरोबर दुखण्याचं ठिकाण सिलिंडरमधून तारांमध्ये सरकलं.

पण डिझेलची जुनी दुखणी कायम राहिली. त्यातलं पहिलं म्हणजे हवा. आपल्या बंदरांतले मिस्त्री ‘इंजिनाने एअर घेतली’ म्हणतात आणि तेवढ्यात निम्मं निदान झालेलं असतं. हँडपंपाने जसं पाणी सोडून हवा ओढावी तसं काहीसं होतं: नळीत बुडबुडा शिरला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. इलाज सोपा, पण तो घाईत करता येत नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि फीड पंपाची कळ अंगठ्याने वरखाली करायची. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग सलग धार. धार आली की कळ दाबतादाबताच स्क्रू आवळायचा. कधी कधी ती कळ हाताला ढिली लागते, काहीच दाबत नाही. नवखा माणूस पंप गेला म्हणून पंप बदलायला निघतो. पंपाला हलवणारा आतला कॅम नेमका उंचवट्यावर थांबलेला असतो एवढंच. इंजिन थोडंसं फिरवलं की कळ पुन्हा ताठ होते. हे पुस्तकात एका ओळीत असतं, आणि त्या ओळीने किती पंप वाचले असतील याची मोजदाद नाही.

दुसरं दुखणं टाकीतल्या पाण्याचं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली की हवेतला ओलावा आत जमतो, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशीजन्य घाण वाढते. बंदरात ती शांत पडून असते, त्यामुळे इंजिन सुरू होतं आणि छान चालतं. खाडीच्या मुखाशी लाटा बोट हलवतात, घाण उसळते, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बरोबर खडकांसमोर बंद पडतं. मग कितीही सेल्फ मारा. इंजिन बंदरात तपासून पाहिलं होतं, असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही असतं.

कितीही सेल्फ मारण्याचं एक वाईट फळ आहे, आणि माझ्या मते शिडाच्या बोटीचा तो सर्वांत महागडा अपघात आहे. इंजिन फिरलं की त्याच्यावरचा पंप समुद्राचं पाणी ओढतो आणि ते पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडतो. चालू इंजिनाचा धूर ते पाणी बाहेर ढकलतो. इंजिन पेटलंच नाही तर ढकलायला धूरच नाही. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे सरकत व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दबत नाही. पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. किरकोळ हवा काढून सुटला असता तो प्रश्न पूर्ण इंजिन उघडण्यावर जातो. म्हणून तीन-चार झटक्यांत पेटलं नाही तर समुद्राचा कॉक बंद करायचा, आणि पेटल्याबरोबर उघडायचा, नाहीतर पंपातलं रबराचं चक्र कोरडं फिरून जळतं. यातला ‘पेटल्याबरोबर’ हा शब्द लोक विसरतात.

तारांची गोष्ट वेगळीच. यानमारच्या त्या पिढीत किल्लीपासून स्टार्टरपर्यंत तारा लांब आणि बारीक, मध्ये प्लास्टिकचे जोड. खाऱ्या हवेत जोड हिरवे पडतात. किल्ली फिरवली की फक्त ‘कट’ असा आवाज, कधी तोही नाही. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे भरलेली. लोक बॅटरीच बदलतात. मीटर लावायचा तो सेल्फ मारत असताना: एक टोक बॅटरीच्या धन बाजूला, दुसरं स्टार्टरच्या धन खुंटीला. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं तर तेवढा दाब वाटेत हरवतोय. ऋण बाजूलाही तेच, कारण इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्टीकडे कोणी बघत नाही. आणि या सगळ्याआधी एक गोष्ट: इंजिन बंद करायचा खेचायचा दांडा पुन्हा आत ढकलला आहे का? तो बाहेर राहिला तर डिझेल बंद, इंजिन नुसतंच फिरतं. या एका दांड्याने भल्याभल्यांना घामाघूम केलं आहे.

शतक बदलताना एक विलक्षण प्रसंग घडला. वाँदे ग्लोब या एकट्याच्या, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत २०००-०१ मध्ये मिशेल देजोयोच्या ‘पीआरबी’वर इंजिनाचा स्टार्टर बिघडला. तिथे इंजिन बोट चालवायला नव्हतं, बॅटऱ्या भरायला होतं. बॅटऱ्या नाहीत तर ऑटोपायलट नाही, आणि एकट्या माणसाला झोप नाही. त्याने इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळली, ती पुल्यांमधून मोठ्या शिडाच्या बूमपर्यंत नेली आणि शीड सोडल्यावर बूम वाऱ्याने झपाट्याने बाहेर गेला तेव्हा दोरीने चाक फिरवलं. इंजिन सुरू झालं. शर्यत त्याने ९३ दिवसांत जिंकली. वारा नसताना वापरायचं यंत्र त्याने वाऱ्यानेच सुरू केलं, यात मला तरी सगळ्या हँडलवाल्यांचा सूड दिसतो.

आपल्याकडच्या बोटींची गरजही तीच. गोव्यात दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वी फिरून आले, आणि अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये तोच प्रवास न थांबता केला. अशा प्रवासात इंजिनाने बोट हाकणं नियमात बसत नाही. ते वीज बनवतं. त्यामुळे सुरू न होण्याची किंमतही बंदरात नांगर टाकून बसण्याची राहत नाही.

आताच्या नव्या इंजिनांत डिझेलचा दाब आणि वेळ संगणक ठरवतो. ती शांत आहेत, धूर कमी, इंधन कमी. पण जुनं डिझेल एकदा पेटलं की त्याला विजेची गरज उरत नसे. नव्याला शेवटपर्यंत लागते. सेल्फ मारताना व्होल्टेज पुरतं घसरलं तर संगणक मध्येच निजतो. इंजिन फिरत असतं, डिझेल येत असतं, पण नोझल उघडण्याचा हुकूमच सुटत नाही. बॅटरी पुरती बसलेली असेल तर देजोयोची दोरी बांधूनही इथे काही होणार नाही. चाक फिरेल, एवढंच. पॉइंटही नाहीत, त्यामुळे पुस्तकाची पानं मोजण्याचाही प्रश्न येत नाही.

यावरचा उपाय कळायला संगणक शिकावा लागत नाही. इंजिनाची बॅटरी दिव्या-फ्रिजच्या बॅटरीपासून कायम वेगळी ठेवायची, आणि ती अडीनडीला जोडायची सोय हाताशी ठेवायची. नव्या मालकाने बोलावलं की मी आधी बॅटऱ्यांचा स्विच बघतो. बहुतेकदा तो ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडून, ठेवलेला असतो, आणि रात्रभर फ्रिज चालवून दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या असतात.