मलमलचं फडकं: आजीच्या ट्रंकेतलं कापड, तुमच्या मशीनवरचा धंदा

व्हिडिओमध्ये वेळेअभावी कापड आणि कटिंगचा हिशोब राहून गेला होता. तो आज सविस्तर मांडतो. वही-पेन घेऊनच बसा.

आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. तिच्या येण्याआधीच आई ट्रंक उघडते आणि जुनी मऊ धोतरं, नऊवारी लुगडी फाडून लंगोट, दुपटी करायला घेते. आता धोतर नेसणारे आजोबा कमी झाले आणि लुगडीही संपत आली. तेच मऊ सुती कापड ऑनलाइन ‘मसलिन स्वॅडल’ या नावाने गुलाबी डब्यात मिळतं. आपली मलमलच ती! कधी एकेरी विणीची, कधी दोन पातळ थर एकत्र विणलेली. सातारा-सांगलीत घरी मशीन असलेल्या ताईंना संधी आहे ती इथेच.

पण आधी एक किस्सा. आमच्या कार्यशाळेला एक ताई आल्या होत्या. बचतीचे पैसे घालून त्यांनी १०० मीटर मलमल आणली होती. पन्हा ४४ इंच. त्यातून त्यांनी ३० इंची चौकोनी दुपटी कापली. रुंदीतून एकच दुपटं निघालं आणि कडेची १४ इंचांची पट्टी उरली. ती पट्टी त्यांनी चिंधीच्या भावात गॅरेजवाल्याला देऊन टाकली. हिशोब करा, ४४ पैकी १४ म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त कापड गेलं. वर धुतल्यावर दुपटी आटली. लेबलवर ३० इंच आणि हातात २८! गिऱ्हाईक ओरडणार नाही तर काय?

ताईंची शिलाई उत्तम होती. चूक झाली ती कात्री लावायच्या आधी.

समजा, कापड ५० रुपये मीटर पडलं. (भाव रोज बदलतो, हा फक्त हिशोबासाठी.) ३० इंच लांबीचा तुकडा साधारण ३८ रुपयांचा. पट्टी फेकली तर सगळे ३८ त्या एका दुपट्यावर. पण त्याच पट्टीतून १४ इंचांची दोन टिपणी काढली, तर दुपट्याच्या वाट्याला २६ रुपये आणि प्रत्येक टिपण्याच्या वाट्याला ६ रुपये येतात. बाळाचं तोंड पुसायला, लाळ टिपायला सर्वांत जास्त लागतं ते हेच टिपणं. पन्हा बघून माप ठरवा, माप ठरवून पन्हा शोधत बसू नका. मग दोरा, धुलाई, पाकीट, एस.टी.चं भाडं आणि तुमची स्वतःची मजुरी मिळवा. ही शेवटची रक्कम दहापैकी नऊ ताई लिहीतच नाहीत.

कापड आणायचं कुठून? इचलकरंजी आपल्या शेजारी. सांगलीहून साधारण तासाभराचा रस्ता. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि आज ते गाव यंत्रमागावरच ओळखलं जातं. सांगली जिल्ह्यात विट्यातही माग आहेत. पेठेत गेल्यावर ‘ग्रे’ म्हणजे कोरं कापड आणि धुलाई-प्रक्रिया केलेलं कापड यातला फरक आधी विचारा. कोरं स्वस्त पडतं, पण त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा तसाच बसतो. बाळाच्या अंगाचं पाणी टिपायचंय आपल्याला! थेंब लगेच शोषला जाईल तेच कापड घ्या.

आणखी दोन परीक्षा. कापडाचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागदासारखा जळून मऊ राख होते. वितळून टणक गुठळी झाली, तर समजा पॉलिएस्टर मिसळलंय. दुसरी आटण्याची. २० इंचांचा चौकोन पेनाने आखा, गरम पाण्यात दोनदा धुवा, वाळवा, परत मोजा. जेवढं आटलं तेवढं कटिंगमध्ये वाढवा. किंवा सरळ अख्खा तागाच धुऊन मग कात्री लावा. मी हेच सांगेन. खळही निघून जाते आणि कापड पहिल्या दिवसापासून मऊ लागतं.

कड कशी शिवायची? गल्लोगल्ली पिको होते म्हणून पिको करू नका, ती बाळाच्या मानेला टोचते. दुहेरी दुमड घालून सुती दोऱ्याने शिवा. आणि प्रत्येक नग उलटसुलट करून सुटे दोरे कापा. सुटा दोरा तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळ रडत राहतं आणि कारण कुणाला दिसत नाही. मणी, बटण, नाडी, लेस यांतलं काहीही लावायचं नाही. सुंदर दिसलं तरी नाही.

आता विकताना काय सांगाल? ‘मऊ आहे, छान आहे’ सगळेच सांगतात. तुम्ही उपयोग सांगा. पाजून झाल्यावर ढेकर काढताना खांद्यावर टाकायला. आंघोळीनंतर मानेच्या, काखेच्या घड्या टिपायला, कारण तिथेच ओल राहून पुरळ येतं. प्रवासात पाजताना आडोशाला. आणि सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व गाळायला! भिजवून वाटलेली नाचणी मलमलीतूनच गाळतात, हे आजीला शिकवावं लागत नाही. बाळ मोठं झालं की तेच फडकं चक्का टांगायला. (त्यासाठी वेगळं फडकं ठेवा म्हणावं, लंगोटाचं नको!)

इथे भूगोल कामाला येतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधलेल्या असतात. तिथे सांगा, ‘पातळ आहे, घरातल्या दोरीवरही लवकर वाळतं.’ जत, आटपाडीकडे उन्हाचा त्रास. तिथे सांगा, ‘घाम टिपतं, हवा खेळते.’ माल एकच, बोलणं वेगळं. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, त्यांच्या लेकी-सुनाही बाळंतपणाला गावी येतात. परत जाताना पिशवीत दोन जादा नग गेले की तुमचा माल परराज्यात पोचला.

काही गोष्टी मात्र खपासाठीसुद्धा सांगायच्या नाहीत. गाडीवर किंवा पाळण्यावर फडकं झाकून ठेवा, असं म्हणू नका. आत उष्णता कोंडते. बाळ झोपलेलं असताना तोंडाजवळ सुटं कापड नको. गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवर झोपवायचं, पाय आत हलतील इतकं सैल ठेवायचं, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. ही चार वाक्यं चिठ्ठीवर छापून पाकिटात घाला. खर्च नगण्य, आणि अशी चिठ्ठी आजी जपून ठेवते.

कागदपत्रं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर उठून या. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाच्या गटाचं नावच ‘शिशु’ आहे, आपल्या धंद्याला शोभतं! पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, माप, नगांची संख्या, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किंमत हवीच. माण तालुक्यातल्या ताईंनी म्हसवडला माणदेशी महिला बँकेत आणि माणदेशी फाउंडेशनकडे चौकशी करावी. ही बँक १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने गावातल्या बायकांनी उभी केली. सुरुवातीला परवाना नाकारला गेला होता, कारण सभासद बायका निरक्षर. त्यावर त्या म्हणाल्या, व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी येतो, विचारून बघा! तेव्हा हिशोबाला घाबरू नका.

आता गृहपाठ. १०० मीटर नको, १० मीटरच आणा. त्यातली सहा दुपटी आणि बारा टिपणी तीन बाळंतिणींच्या घरी फुकट द्या. पंधरा दिवसांनी जा आणि तेच वापरलेले नग बघायला मागा. कड उसवलीय का, पिवळं पडलंय का, किती आटलंय, कुठलं फडकं सर्वांत जास्त मळलंय? सगळं वहीत लिहा. आणि बाळाच्या आईला नंतर विचारा, आधी आजीला. पैसे तीच काढणार आहे.