शिक्क्याशिवायचं विद्यापीठ

1916 साली आपल्या देशात तीन विद्यापीठांचा आरंभ झाला. बनारसच्या हिंदू विद्यापीठामागे व्हाइसरॉयच्या कौन्सिलनं आदल्याच वर्षी मंजूर केलेला कायदा होता आणि राजेरजवाड्यांच्या देणग्या होत्या. म्हैसूरच्या विद्यापीठाला खुद्द संस्थानचा आधार होता. तिसरं निघालं पुण्याजवळ, हिंगण्याच्या माळावर. त्याला ना कायदा, ना खजिना. फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झालेले 58 वर्षांचे गणिताचे एक प्राध्यापक, वर्गणीसाठी केलेली वणवण, आणि पहिल्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या विद्यार्थिनी. एवढ्या भांडवलावर धोंडो केशव कर्व्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं.

यातलं धाडस कळायला त्या काळी विद्यापीठ म्हणजे काय होतं ते पाहावं लागतं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं 1857 साली सरकारी कायद्यानं जन्माला आली. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. त्या पदवीला मोल होतं, कारण सरकार ती ओळखत होतं. तिच्यावर नोकरी मिळे, वकिली करता येई, पुढच्या शिक्षणाचं दार उघडे. सरकार ज्या कागदाला ओळखत नाही, तो कागद देणाऱ्या संस्थेला विद्यापीठ म्हणायचं तरी कसं? कर्व्यांनी ते म्हटलं. आणि पुढची 35 वर्षं लोकांनीही ते मानलं. मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते हेच.

मुंबई विद्यापीठानं स्त्रियांना दार उघडलं होतं, तेही 1883 सालीच. कॉर्नेलिया सोराबजी त्या दारातून आत गेल्या आणि पदवी घेऊन बाहेर आल्या. पण दारापर्यंतचा जिना इंग्रजीचा होता. इतिहास असो की भूमिती, आधी परकी भाषा पक्की करायची आणि मग विषयाला हात घालायचा. मुलग्यांचीही त्यात वर्षंच्या वर्षं जात. मुलींना तेवढी वर्षं देणार कोण? दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न, आणि दैव फिरलं तर पंधराव्या वर्षी वैधव्य.

हा हिशेब कर्व्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारल्यावर, 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नापायी कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. तीन वर्षांनी, 1896 मध्ये, त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा आश्रम गावाबाहेर हलवायची वेळ आली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली, झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले, आणि 1900 साली आश्रम तिथं गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी खडबडीत वाटेनं हिंगण्याला पायी जायचं, असा कर्व्यांचा क्रम कित्येक दिवस चालला. तिथं येणाऱ्या बायकांना ते रोज पाहत होते. कुणी विशीतली, कुणी तिशीतली. कुणाला अक्षरओळखही नाही. बुद्धीला काही कमी नव्हतं, हाताशी वेळच नव्हता. 1907 मध्ये त्यांनी मुलींसाठी महिला विद्यालय काढलं, पण त्याच्या पुढची पायरी अजून कुठंच नव्हती.

ती पायरी सापडली एका पुस्तिकेत. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी कर्व्यांना तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पाठवली होती. जिन्झो नारुसे यांनी 1901 मध्ये काढलेली ही संस्था मुलींना जपानी भाषेत उच्च शिक्षण देत होती. कर्व्यांच्या मनात जे वर्षानुवर्षं घोळत होतं, ते जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभंही केलं होतं! डिसेंबर 1915 मध्ये मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष कर्वेच होते. भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि सहा महिन्यांत ते विद्यापीठ सुरूही झालं. आज एखादा नवा अभ्यासक्रम मंजूर व्हायला किती काळ लागतो ते आठवलं, म्हणजे या सहा महिन्यांचं मोल कळतं.

कल्पनेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी एक विषय म्हणून. गांधीजींना मातृभाषेचा मुद्दा पुरता पटला होता. इंग्रजी सक्तीची नसावी, ऐच्छिक असावी, एवढंच त्यांचं वेगळं मत होतं. कर्व्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही, गांधीजींनीही पाठिंबा सोडला नाही. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांसारखे विषय अभ्यासक्रमात आले. मुलींसाठी निराळा अभ्यासक्रम कशाला, असा आक्षेप सुधारकांमधूनही निघाला, आणि तो मला आजही वजनदार वाटतो. निराळ्या वाटेवर चालणाऱ्याला पुढं कमी लेखलं जाण्याची भीती असतेच. पण त्या वेळी निवड दोन सारख्या वाटांमधली नव्हती. ज्या मुलींसाठी कर्वे झटत होते, त्यांना दुसरी वाटच नव्हती.

मग विद्यापीठाला वजन आणायचं कुठून? कर्व्यांनी ते माणसांकडून आणलं. संस्कृतचे थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. कुलगुरू झाले रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनियर रँग्लरचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळातला सर्वांत झळाळता शिक्का ज्याच्या नावावर होता, तो माणूस शिक्का नसलेल्या विद्यापीठाचं कुलगुरुपद स्वीकारतो, याचा लोकांवर काय परिणाम झाला असेल! पदव्यांची नावंसुद्धा स्वतःची होती. बी.ए.च्या जागी गृहीतागमा, म्हणजे जी.ए.; त्याच्या वरची प्रदेयागमा, म्हणजे पी.ए.

पैशांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ही आश्रमातच शिकलेली विधवा. आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवण्यात तिनं आयुष्य घातलं. 1918 मध्ये ती एकटी अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम येत होतं. तिथल्या घरांमध्ये घरकाम करून तिनं पोट भरलं, भाषा शिकली आणि संस्थेसाठी मदत गोळा केली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात तिनं हे सगळं लिहून ठेवलं आहे. आपल्या शाळांमध्ये कर्व्यांचं नाव घेतात तितक्यांदा पार्वतीबाईंचंही घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

1920 मध्ये मात्र चित्र पालटलं. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगाच्या प्रवासात तोक्योचं तेच महिला विद्यापीठ पाहून आले होते. ज्या संस्थेनं कर्व्यांना कल्पना दिली, तिनंच त्यांना दाताही मिळवून दिला. विठ्ठलदासांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपलं एस.एन.डी.टी. या रकमेचं वार्षिक उत्पन्न 52,500 रुपये. साडेसातशे रुपयांच्या झोपडीपासून इथवर यायला वीस वर्षं लागली होती. विठ्ठलदास पुढं दोनच वर्षांत, 1922 मध्ये गेले.

पैसा आला तरी सरकारी मान्यता आली नाही. जी.ए. झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत तिच्या पदवीचा उपयोग नव्हता, मुंबई विद्यापीठात एम.ए.ला जाता येत नव्हतं. तरीही मुली येत राहिल्या. गुजरातमध्येही या विद्यापीठाची कॉलेजं निघाली आणि तिथल्या मुली गुजरातीतून शिकू लागल्या. 1931 ते 1936 या काळात विद्यापीठाचं प्रशासन सांभाळलं इरावती कर्व्यांनी, मानववंशशास्त्रात बर्लिनची डॉक्टरेट घेतलेल्या कर्व्यांच्या सूनबाईंनी. 1936 मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली. कर्व्यांनी त्याआधीच, सत्तरी उलटल्यावर, युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका पालथी घातली होती. बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइनना भेटले, आणि तोक्योला जाऊन ज्या संस्थेचं फक्त वर्णन वाचलं होतं ती डोळ्यांनी पाहून आले.

एक योगायोग मला फार अपूर्व वाटतो. 1901 पासून विद्यापीठ म्हणवून घेणाऱ्या तोक्योच्या त्या संस्थेलाही तिथल्या सरकारनं विद्यापीठ म्हणून मानलेलं नव्हतं. ती मान्यता 1948 मध्ये मिळाली. इकडे मुंबई सरकारनं एस.एन.डी.टी.चा कायदा 1949 मध्ये केला आणि 1951 मध्ये तो लागू झाला. कल्पना देणारी आणि कल्पना घेणारी, दोन्ही संस्था आपापल्या देशात दशकानुदशकं त्याच उंबरठ्यावर उभ्या होत्या, आणि तीन वर्षांच्या अंतरानं आत गेल्या. कर्वे तेव्हा 93 वर्षांचे होते. कायद्यानं मान्य झालेल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आल्या विठ्ठलदासांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी.

मग वाढ झपाट्यानं झाली. चर्चगेट, जुहू आणि पुण्याचा कर्वे रस्ता अशी विद्यापीठाची तीन आवारं झाली. 1964 मध्ये परिचारिकांचं महाविद्यालय निघालं, 1997 मध्ये जुहूला मुलींसाठी अभियांत्रिकीचं. हिंगण्याच्या मूळ संस्थेनंही स्वतंत्रपणे 1991 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. हिंगण्याच्या त्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात. राज्याच्या हद्दीबाहेरच्या महिला महाविद्यालयांनाही संलग्न करून घेता येणं, हे एस.एन.डी.टी.चं आणखी एक आगळेपण.

एक सोय मात्र मोठ्या इमारतींइतकी नजरेत भरत नाही: कॉलेजात न येता घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या कित्येक बायकांनी मुलं थोडी मोठी झाल्यावर, स्वयंपाकघरातलं आवरून दुपारी पुस्तकं उघडली, आणि मराठीत किंवा गुजरातीत उत्तरं लिहून त्या पदवीधर झाल्या.