काजूचे टरफल, काजूची साल आणि फिनॉलची मोजणी

पालकभेटीच्या दिवशी कोकणातून आलेल्या काही आया हात पदराआड ठेवून बसत, ही आठवण आमच्या तुकडीतील अनेकांना असेल. काजूच्या कारखान्यात बिया फोडून त्यांची बोटे काळी पडलेली असत आणि पेरांवरची कातडी सोललेली असे. आम्हा वसतिगृहातील मुलांना ते कष्टाचे डाग एवढेच ठाऊक होते. पुढे रसायनशास्त्र शिकताना त्या डागामागे एक निश्चित द्रव्य आहे हे कळले. त्या द्रव्याची आणि कारखान्याच्या कचऱ्यात पडलेल्या त्याच्या भाऊबंदांची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१०० किलो काजूबियांतून साधारण २५ किलो गर हाती येतो. उरते ते मुख्यतः टरफल, आणि गराला चिकटून असलेली पातळ तांबूस साल. टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी घरे असतात व त्यांत दाहक तेल भरलेले असते. ताज्या तेलात मुख्य असते ते ॲनाकार्डिक आम्ल. तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल तयार होते. ही दोन्ही द्रव्ये फिनॉल वर्गातील. कार्बनच्या सहा अणूंचे कडे आणि त्याला थेट जोडलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, ही या वर्गाची खूण. हळदीतील करक्युमिन याच वर्गातले आणि चहाला तुरटपणा देणारी द्रव्येही याच वर्गातली.

मग चहा पिऊन जीभ भाजत नाही आणि काजूच्या तेलाने हात का उततो? टरफलातील फिनॉलांना १५ कार्बन अणूंची लांब, तेलकट शेपटी असते. तिच्यामुळे ती कातडीत सहज शिरतात. आपल्या परिचयाच्या बिब्ब्याचे तेलही याच घडणीचे. परीट पूर्वी त्याने कपड्यांवर खुणा करीत, आणि तो उतला की काय होते हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. काजू, बिब्बा व आंबा एकाच वनस्पतिकुलातील आहेत.

तांबूस सालीची गोष्ट निराळी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील मॅथ्यू व पारपिया यांनी १९७० मध्ये या सालीतील फिनॉलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन ही द्रव्ये प्रमुख आढळली. हिरव्या चहातही ती असतात. त्यांना तेलकट शेपटी नाही. ती पाण्यात व मद्यार्कात उतरतात आणि तेलाला खवट होण्यापासून रोखतात. भुईमुगाच्या दाण्यांवरील जी लाल फोलपटे आपण सुपाने पाखडून टाकतो, त्यांतही याच जातीची द्रव्ये असतात.

सालीत फिनॉल किती, हे मोजण्याची रूढ रीत फोलिन आणि सिओकाल्टो यांच्या १९२७ च्या अभिकर्मकावर उभी आहे. साल वाळवून दळतात, पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणात ढवळून गाळतात आणि त्या अर्कात हा पिवळा अभिकर्मक व सोड्याचे द्रावण घालतात. फिनॉल असेल तर निळा रंग येतो. गॅलिक आम्लाच्या ठरावीक द्रावणांशी त्या रंगाची गडदता ताडून आकडा काढतात.

येथेच एक बिब्बा घातला जातो. हा निळा रंग निवड करीत नाही. क जीवनसत्त्व, काही साखरा, प्रथिनांचे काही घटक यांनीही तो येतो. आणि टरफलाचे तेल सालीला लागले असेल तर त्यातील दाहक फिनॉलही त्याच आकड्यात जमा होते. बी फोडताना तेल उडते, गराला लागते, सालीवर उरते. म्हणजे निष्काळजीपणे फोडलेल्या मालाची साल कागदावर अधिक ‘गुणकारी’ ठरू शकते! म्हणून दळलेली साल आधी हेक्झेनसारख्या द्रावकाने धुवावी लागते. तेलकट शेपटीची द्रव्ये त्यात निघून जातात. हे धुणेही तपासावे, फेकू नये; कारण साल किती दूषित होती हे तेच सांगते. त्यापुढे द्रव क्रोमॅटोग्राफी. टिपकागदावर शाईचा ठिपका ओला करून त्यातले रंग वेगळे करण्याचा शाळेतला खेळ आठवावा. तत्त्व तेच, यंत्र मात्र महाग.

‘फिनॉलयुक्त’ एवढ्याच शिक्क्यावर सालीची पूड औषध म्हणून कोणी विकू लागला, तर कोणते फिनॉल आणि तेल काढले होते का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. चामडे कमावण्यासाठी सालीचा उपयोग पूर्वीपासून आहे. टरफलाच्या तेलापासून रंग, राळ आणि गाड्यांच्या ब्रेकमध्ये लागणारी भुकटी बनते. तेलाला बाजार मिळाला. ते ज्या हातांवर सांडते त्यांना मात्र अजून अनेक ठिकाणी राखेचा नाहीतर खोबरेलाचाच आधार आहे. मजुरी किलोवर मोजली जात असेल तर हातमोज्याने हात मंदावतो आणि बाई तो काढून ठेवते. हा दोष तिचा नव्हे, मजुरी ठरवण्याच्या रीतीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या घरी काजू भाजतात त्यांनी एवढे करावे: टरफले चुलीत जाळू नयेत, कारण त्यांचा धूर डोळ्यांना व कातडीला झोंबतो, आणि भाजताना लहान मुलांना दूर ठेवावे. मुलांना फिनॉल दाखवायचेच असेल, तर तेल न लागलेली थोडी साल पाण्यात उकळून गाळावी आणि त्या तांबूस पाण्यात एक गंजलेला खिळा टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी पाणी हिरवट काळे झालेले दिसेल. ते पिऊ मात्र नये.