साधे मशीन, भारी मशीन

माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. गेल्या महिन्यात मुलाकडचे आले होते. ‘आम्हाला काही नको,’ असे सुरुवातीलाच म्हणाले. उठता उठता मात्र मुलाच्या फूफी आपाला म्हणाल्या, ‘वॉशिंग मशीन द्यालच, तर फ्रंट लोड द्या. साधे नको.’

आपा काही बोलली नाही. मला मात्र तिचे स्वतःचे लग्न आठवले.

ते साल १९९६. दूरदर्शनवर वॉशिंग मशीनच्या जाहिराती लागायच्या. आमच्या मराठवाड्यात व्हिडिओकॉनचे नाव घरोघरी माहीत होते. अब्बांनी आपासाठी दोन टबच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनचे पैसे बाजूला काढले होते. पण सासरहून निरोप आला, ‘फुल ऑटोमॅटिक असते तर बरे दिसले असते.’ अब्बांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि दोन वर्षे हप्ते फेडले.

त्या काळच्या बाजारात मशीनच्या साधारण चार पायऱ्या होत्या. सर्वांत खाली एका टबचे मशीन. ते फक्त कपडे घुसळायचे. खळबळणे, पिळणे सारे हातानेच. त्यावर दोन टबचे सेमी ऑटोमॅटिक. एका टबात तळाशी फिरणारी चकती, दुसऱ्यात पाणी झटकणारा स्पिनर. दोन्हींना वेगळी मोटार. चकतीची मोटार पट्ट्याने जोडलेली, तर स्पिनर मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेणारा. धुण्याचा टायमर १५ मिनिटांचा, स्पिनरचा ५ मिनिटांचा, दोन्ही घड्याळासारखे चावीचे.

याच दोन टबच्या मशीनचे साधे आणि ‘डीलक्स’ असे प्रकार मिळत. डीलक्समध्ये हलके-जोरात धुण्याचे बटण, धागे अडवणारी जाळी, स्पिनरमध्ये पाण्याचा फवारा, काम संपल्यावर वाजणारा बझर असायचा. मागचे झाकण उघडले की बहुतेक वेळा तीच मोटार, तोच पट्टा, तोच कपॅसिटर. म्हणजे जास्तीचे पैसे सोयीचे होते; कपडे त्याने जास्त उजळत नव्हते.

तिसरी पायरी फुल ऑटोमॅटिक, वरून झाकण उघडणारे. हे नळाला जोडायचे. विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह पाणी घेतो. टबाला जोडलेल्या नळीतली हवा दाबली गेली की पाणी पुरेसे झाल्याचे मशीनला कळते. मग ते धुते, पाणी सोडते, पुन्हा भरते, खळबळते, पिळते. माणसाने उभे राहायची गरज नाही. चौथी पायरी फ्रंट लोड. आयएफबीने बॉशच्या सहकार्याने आणलेले हे मशीन तेव्हा मोठ्या शहरांतच दिसायचे. त्यात ड्रम आडवा. कपडे वर जाऊन पाण्यात आपटतात, म्हणून पाणी कमी लागते. आत पाणी तापवण्याची सोयही असते, पण हीटर चालू असताना वीज भरपूर ओढली जाते. शिवाय पावडर कमी फेसाची हवी.

आपाच्या सासरी नळाला एक दिवसाआड पाणी यायचे, तेही तासभर. गच्चीवर टाकी नव्हती. सगळे पाणी पिंपात. नळाला दाब नसला की व्हॉल्व्हमधून पाणी येत नाही आणि मशीन वाट पाहत थांबते. आपा बादलीने भरायची. पण खळबळण्याच्या प्रत्येक फेरीला ते पुन्हा थांबायचे. एका वेळच्या धुण्याला शंभर लिटरच्या पुढे पाणी लागे आणि साबणाचे पाणी एकदा वापरून थेट गटारात. त्यात विजेचा दाब कमी-जास्त व्हायचा. दुसऱ्या वर्षी आतला सर्किटचा बोर्ड गेला. दुरुस्तीला माणूस शहरातून बोलवायचा, भाग महाग. शेवटी त्यावर फुलाफुलांचे कव्हर चढले आणि वर इस्त्रीचे कपडे बसले. आपा पुन्हा मोरीत दगडावर.

इकडे अब्बांनी अम्मीसाठी एक वापरलेले दोन टबचे साधे मशीन स्वस्तात आणले. सोड्याने अम्मीच्या बोटांना भेगा पडायच्या, त्या थांबल्या. ती बादलीने पाणी भरायची. आधी पांढरे कपडे, मग त्याच पाण्यात रंगीत, मग पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्याने मोरी घासायची. नापाकी लागलेला कपडा मात्र आधी वेगळा, वाहत्या नळाखाली. खळबळणे आपल्या हातात असल्याने पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती थांबायची नाही. पट्टा दोनदा बदलला, कपॅसिटर एकदा. गल्लीतल्या पंखे दुरुस्त करणाऱ्यानेच ते काम केले. मशीन अजून चालते.

म्हणून भारी मशीन वाईट, असे मी म्हणणार नाही. माझी खाला पुण्यात नोकरी करायची. तिच्या इमारतीला टाकीचे पाणी दिवसभर. ती सकाळी बटण दाबून निघायची. दोन टबच्या मशीनपाशी कोणी तरी उभे राहावेच लागते आणि ओले जड कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलून टाकावे लागतात. आता अम्मीचे गुडघे दुखतात, तिला ते जमत नाही. भाऊ किंवा भावजय उचलून देतात. भारी मशीनची खरी किंमत हीच, उभ्या राहणाऱ्या माणसाचा वेळ आणि कंबर.

तेव्हा मशीन निवडताना आधी घर पाहावे. पाणी किती वेळ येते, टाकी आहे का, वीज कशी आहे, दुरुस्त करणारा जवळ आहे का, आणि मशीनपाशी कोण उभे राहणार आहे? जुने दोन टबचे मशीन घरात असेल, तर अर्थिंग तपासून घ्या. झाकण उघडताच स्पिनर थांबतो की नाही तेही पाहा. ब्रेक झिजला असेल तर आधी तो बदला, आणि फिरत्या स्पिनरमध्ये हात कधीच घालू नका.

मागच्या जुम्म्याला मुलाकडचे पुन्हा आले. या वेळी आपाने फूफींना शांतपणे विचारले, ‘तुमच्याकडे नळाला पाणी किती वेळ येते?’

‘एक दिवसाआड. पाऊण तास,’ त्या म्हणाल्या.

‘मग मशीन कुठले, ते मुलगा-मुलगी तिथे राहून ठरवतील आणि स्वतःच्या कमाईतून घेतील. आम्ही मुलगी देतो आहोत, सामान नाही. माझ्या अब्बांनी दोन वर्षे हप्ते भरलेले मी पाहिले आहेत.’

बैठकीत कोणी बोलेना. मुलगा मान खाली घालून बसला होता. आठ दिवसांत कळवतो, असे सांगून ते गेले आहेत. दूल्हाभाई थोडे काळजीत आहेत. आपा नाही.