ॲम्प वर की खाली? घरच्या हाय-फाय रॅकची मांडणी कशी करायची

आजोबांचा जुना टर्नटेबल माळ्यावरून खाली आलाय, ऑनलाइन सेलमध्ये ॲम्प्लिफायर घेतलाय, सीडी प्लेयर आधीपासून आहेच. आता हे सगळं ठेवायचं कुठे? बहुतेक जण टीव्ही युनिटच्या कप्प्यात एकावर एक रचतात आणि काच लावून मोकळे होतात. मी पण तेच केलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी तिसऱ्या गाण्यावर ॲम्प आपोआप बंद पडला. मला वाटलं जळला. खरं तर तो तापला होता आणि त्याच्या सुरक्षा सर्किटने त्याला वाचवलं होतं. म्हणून रॅक मांडण्याआधी हे पाच मिनिटं वाचाच.

तीन शत्रू लक्षात ठेवा

रॅकवरचे सगळे नियम तीन गोष्टींभोवती फिरतात: उष्णता, कंपन आणि हम, म्हणजे स्पीकरमधून येणारी ती बारीक घूंऽऽ. गंमत अशी की एकाला हटवायला गेलं की दुसरा पुढे येतो. ॲम्प जड, म्हणून खाली हवा. पण तो गरम, म्हणून वर मोकळा हवा. आणि वर टर्नटेबल असेल तर ॲम्प त्याच्या जवळ नको. मग मधला रस्ता काढावा लागतो.

चार कप्प्यांचा सोपा हिशोब

1. सगळ्यात वर: टर्नटेबल. झाकण पूर्ण उघडायला वरची जागा मोकळी लागते.
2. दुसरा कप्पा: सीडी प्लेयर, डॅक किंवा स्ट्रीमर. ही हलकी आणि कमी तापणारी मंडळी.
3. तिसरा कप्पा: ॲम्प. वर 10 ते 15 सेंटीमीटर मोकळी जागा, मागची बाजू उघडी.
4. सगळ्यात खाली: रेकॉर्ड, उभ्या ठेवलेल्या. शंभर एलपींचं वजन सहज 20 किलोच्या पुढे जातं, त्यामुळे रॅक डुगडुगत नाही.

रॅक घेताना मापही बघा. मोठ्या आकाराचे हाय-फाय डबे साधारण 43 सेंटीमीटर रुंद असतात. मागे वायर वळवायला 5-7 सेंटीमीटर जास्तीची खोली धरा.

उष्णता: क्रोशाचा रुमाल काढा

क्लास एबी प्रकारचा ॲम्प घेतलेल्या विजेचा बराच भाग नुसता उष्णतेत घालवतो. आजकालचे छोटे क्लास डी ॲम्प खूप कमी तापतात, ते कुठेही चालतात. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर मात्र त्याला वर उघडी हवा हवीच. अशा वेळी टर्नटेबलसाठी शेजारी वेगळं स्टूल करा.

आतल्या कपॅसिटरसाठी एक ढोबळ नियम आहे: तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. त्यामुळे आईने धूळ बसू नये म्हणून घातलेला रुमाल प्रेमाचा असला तरी ॲम्प चालू असताना काढून ठेवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला रॅक चिकटवू नका.

कंपन: स्पीकर रॅकवर नकोच

एलपीची खाच मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही अरुंद असते. सुई त्यातली बारीक थरथर वाचते, मग रॅकची थरथर पण वाचणारच. स्पीकर त्याच रॅकवर ठेवला तर त्याची थरथर सुईत, सुईतून ॲम्पमध्ये आणि पुन्हा स्पीकरमध्ये असं चक्र सुरू होतं. आवाज वाढवला की घुमायला लागतं ते यामुळेच.

परदेशी व्हिडिओत रॅकखाली टोकदार स्पाइक लावताना दाखवतात. त्यांच्याकडे अनेक घरांत लाकडी जमीन असते. आपल्याकडे स्लॅबवर फरशी, ती मुळातच घट्ट. स्पाइकने टाइलवर ओरखडे मात्र येतील. साधे रबरी पाय पुरेत.

टर्नटेबल समतल हवा. फोनमधलं लेव्हल ॲप वापरा, पण फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो तिरका बसतो. बटणं नसलेल्या लांब कडेवर फोन कप्प्यावर उभा धरा, आकडा बघा, मग फोन उलट दिशेला फिरवून पुन्हा बघा. दोन्हीकडे शून्य आलं तर काम झालं.

हम: वायरींची भांडणं सोडवा

सीडी प्लेयरचा सिग्नल साधारण 2 व्होल्टपर्यंत असतो. टर्नटेबलच्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा असतो साधारण 5 मिलिव्होल्ट, म्हणजे शेकडो पटींनी लहान. त्यामुळे ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरची 50 हर्ट्झची घूं त्यात लगेच मिसळते. म्हणूनच दोघांच्या मध्ये एक कप्पा ठेवला. ॲम्प उचलताना जी बाजू जड लागते, ट्रान्सफॉर्मर बहुधा तिथेच असतो.

- पॉवरच्या वायरी एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्या.
- एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.
- टर्नटेबलला बारीक ग्राउंड वायर असेल तर ती ॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला लावा.
- चार्जर आणि फोन ॲम्पवर ठेवू नका. 2जी नेटवर्कवर कॉल आला की स्पीकरमधून टर्रर्र येतं.
- ब्लूटूथ रिसीव्हर धातूच्या डब्यांमागे लपवू नका, सिग्नल तुटतो.

वायरी जोडताना सगळं बंद हवं. रोजच्या वापरात ॲम्प सगळ्यात शेवटी सुरू करा आणि सगळ्यात आधी बंद करा.

शेवटी दोन टेस्ट

पहिली: टर्नटेबल बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, आवाज मध्यम. रॅकवर बोटाने हलकेच टकटक करा. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला तर कंपन सुईपर्यंत पोचतंय. रबरी पाय किंवा जागा बदला.

दुसरी: तासभर गाणी लावा आणि ॲम्पच्या झाकणावर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. पाच सेकंदही हात ठेवता येत नसेल तर त्याला अजून मोकळी हवा द्या.

माझा ॲम्प आता तिसऱ्या कप्प्यात आहे, काचेचं दार काढून माळ्यावर टाकलंय. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा तो एकदाही बंद पडला नाही.