ऐंशी अंशांचा हरिहर

हरिहरच्या पायऱ्या ८० अंशांत आहेत, हे आता किल्ल्याच्या नावाइतकंच पाठ झालं आहे. रील्समध्ये तेच, ट्रेक नेणाऱ्यांच्या जाहिरातींत तेच, आणि पायथ्याशी चहा पिताना शेजारच्या बाकड्यावरही तेच. ज्याने हा आकडा पहिल्यांदा लिहिला त्याने कोनमापक वर नेला होता की नाही, कोण जाणे. पण त्याच्याशिवायही हिशेब जमतो. पायरी फूटभर उंच असेल आणि जिना खरोखर ८० अंशांत असेल, तर पाय ठेवायला जेमतेम दोन इंच जागा उरते. ७० अंशांत साडेचार इंच, ६० अंशांत सात. हरिहरच्या पायरीवर बुटाचा चवडा आणि वर थोडा तळवा असा नीट मावतो. तेव्हा जिना ८० अंशांचा नाही. साठीच्या आसपासचा, कुठे थोडा जास्त. आपल्या घरातला जिना तिशी-पस्तिशीत असतो, हे लक्षात घेतलं तर साठसुद्धा काही कमी नाही. उरलेली वाढ कॅमेऱ्याची. खालून वर रोखलेल्या फोटोत प्रत्येक पायरी वरच्या पायरीला चिकटते आणि जिन्याची भिंत होते.

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून साधारण ११२० मीटर उंचीवर हा किल्ला आहे. कोकणातून गोंडा घाटाने वर येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला. वर जायला दोन वाटा. त्र्यंबककडून हर्षेवाडीला उतरलात तर तासाभरात कातळापाशी पोचता. वाट मळलेली आणि चढ बेताचा. खोडाळा रस्त्यावरच्या निरगुडपाड्याहून चढलात तर दोन-अडीच तास धरा. बहुतेकांचा घाम इथेच निघतो, आधी झाडीतल्या चढावर आणि मग उघड्या सोंडेवर. एप्रिल-मेच्या उन्हात निरगुडपाड्याहून आलेला माणूस पायऱ्यांखाली उभा राहतो तेव्हा त्याची निम्मी ताकद आधीच संपलेली असते. ‘पायऱ्यांनी दमवलं’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सोंडेने दमवलेलं असतं.

पायऱ्यांपाशी गेलं की भीतीचं रूप बदलतं. अखंड कातळात खोदलेला, दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील इतका रुंद जिना. पायरीच्या दोन्ही टोकांना खोबण्या आहेत. बोटं आत घातली की ती आतल्या कडेवर अडकतात आणि मूठ आवळता येते. हजारो हातांनी त्या गुळगुळीत झाल्या आहेत. काहींत वाळू साचते, पावसाळ्यात पाणी. चढताना खरं तर काहीच कौशल्य लागत नाही: दोन हात खोबणीत, एक पाय वर, मग दुसरा. शाळकरी पोरं सरसर चढून जातात. अडचण एवढीच, की दोन्ही बाजूंना कठडा नाही आणि मागे वळून पाहिलं तर थेट दरी. ट्रेकर ज्याला ‘एक्स्पोजर’ म्हणतात ते हेच. पायऱ्या किती आहेत हे जो तो वेगळं सांगतो. मोजणारा मध्येच कुठेतरी मोजायचं विसरत असावा.

फोटोत दिसतो तो टप्पा महादरवाजाशी संपतो, आणि पुष्कळांना वाटतं की गड झाला. दरवाजातून आत शिरलं की डोंगराच्या पोटात खोदलेली आडवी वाट लागते. डोक्यावर कातळाचं छत, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. उंच माणसाला वाकूनच जावं लागतं. तिच्या पुढे पायऱ्यांचा दुसरा टप्पा. माझ्या मते अवघड आहे तो हाच. इथे पायऱ्या अरुंद, काही झिजलेल्या, आणि शेवटचा दरवाजा इतका ठेंगणा की पाठीवरची सॅक अडकते. फोटो काढायला हात मोकळा नसल्याने हा टप्पा फारसा प्रसिद्ध झाला नाही.

१६३६ मध्ये शहाजीराजांना जे किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा होता; १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर हरिहरही इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो पाहायला आलेला कॅप्टन ब्रिग्ज या चढाने चांगलाच हादरला. सुमारे दोनशे फूट उंच भिंतीला शिडी लावावी तसा हा जिना, अशी त्याने नोंद करून ठेवली आहे. म्हणजे अतिशयोक्तीची परंपरा दोनशे वर्षं जुनी आहे. अलंग-मदन या किल्ल्यांवर जायला आज दोर लागतो, कारण तिथल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. हरिहरच्या मात्र वाचल्या. या पायऱ्यांमुळे गड अवघड झाला, असं म्हणणं उलटंच आहे. त्यांच्यामुळेच तो सर्वांना खुला राहिला. पायऱ्या नसत्या तर हरिहर कसा असता हे पाहायचं असेल तर त्याच गडाचा स्कॉटिश कडा पाहावा. सुमारे १७० मीटरचा हा कडा १९८६ मध्ये डग स्कॉट या गिर्यारोहकाने सर केला. हा माणूस १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून शिखरावर पोचला होता. (आडनावाने घोटाळा केला आहे. स्कॉट इंग्लंडचा.)

धोका खरा आहे तो उतरताना, आणि तोही गर्दीत. उतरायचं ते शिडीवरून उतरतात तसं, तोंड कातळाकडे करून, पायाने खालची पायरी चाचपत. दरीकडे तोंड करून बसत-बसत उतरणारे लोक सगळी रांग अडवतात. पावसाळी रविवारी वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं आणि कोणालाच बाजूला व्हायला जागा नसते. अशा वेळी मधल्या एकाचा पाय सुटला तर तो एकटा पडत नाही. वन विभाग वेळोवेळी निर्बंध घालतो ते याचसाठी. त्यात माकडं. हातातली पिशवी दिसली की ती जिन्यावरही झेप घेतात, आणि माणूस दचकून खोबणीतला हात सोडतो. खायचं सॅकच्या आत, सॅक पाठीवर, हात मोकळे. बाकी सूचना फार नाहीत.

वर मारुती आहे, महादेवाची पिंड आहे, पाण्याचं टाकं आहे आणि दगडी कोठार. थोडं आणखी चढून माथ्याच्या टेकाडावर गेलं की एकीकडे वैतरणेचा जलाशय आणि दुसरीकडे ब्रह्मगिरी, अंजनेरी दिसतात. बहुतेक जण मात्र पायऱ्यांचा फोटो मिळाल्यावर इथवर येतच नाहीत.

समोर दिसतो तो भास्करगड, म्हणजे बसगड. त्याचा पायथाही निरगुडपाडाच. त्यालाही कातळात खोदलेला पायऱ्यांचा मार्ग आहे, दरवाजा दगडमातीत अर्धा गाडला गेला आहे आणि रविवारीसुद्धा तिथे रांग लागत नाही. हरिहरला शनिवार-रविवारीच जाणं भाग असेल आणि खाली गाड्यांची ओळ दिसली, तर त्या दिवशी बसगड करावा आणि हरिहरला मधल्या वारी, सकाळी लवकर यावं.