कॅमेरा जुना घ्यावा की नवा? कापड दुकानदाराचा तजुर्बा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. दुकान घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या पुढे. माल बहुतेक भिवंडीचा. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, कापड चिमटीत धरून पोत पाही, दाराशी नेऊन उजेडात रंग पाही आणि मग भाव करी. आता निम्मे गिऱ्हाईक दुकानात येतच नाही. ते मोबाईलवर फोटो मागवते आणि पसंत पडले तर पैसे पाठवते. म्हणजे फोटो हाच आमचा नमुना झाला. नमुना खोटा निघाला तर व्यापाऱ्याची जबान खोटी पडते.

मागच्या रमजानच्या सीझनला आमच्यावर हीच वेळ आली. मोरपंखी ड्रेस मटेरियलचे फोटो दुकानातल्या ट्यूबलाईटखाली मोबाईलने काढले. फोटोत रंग चक्क निळा उतरला. पार्सले परत आली, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले. त्याचे दुःख कमी, पण वर्षानुवर्षे माल नेणाऱ्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "चाचा, तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं." ते वाक्य भाड्यापेक्षा महाग पडले.

तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, आता चांगला कॅमेरा घ्याच." भिंग बदलता येणारा, डीएसएलआर म्हणतात तो. चौकशीअंती दोन कॅमेरे समोर आले. दोन्ही निकॉनचे, दोन्ही शिकाऊ माणसाला झेपणारे. एक डी ३३००, २०१४ सालचा. दुसरा डी ३४००, २०१६ सालचा. या मालिकेतला शेवटचा डी ३५०० हा २०१८ साली आला आणि २०२२ साली कंपनीने तोही बंद केला. त्यामुळे आमच्या सौद्यात 'नवा' म्हणजे कमी जुना, एवढाच अर्थ होता. दोघांच्या किमतीत काही हजारांचा फरक होता.

नव्यात काय वाढले, काय घटले

ज्या दुकानात आम्ही प्रथम गेलो तिथल्या विक्रेत्याने एकच सांगितले : नवा तो चांगला. आम्हाला हसू आले, कारण हे वाक्य आम्हीही गल्ल्यावर बसून कितीदा बोललो आहोत. भिवंडीहून नवा लॉट येतो, चमक जास्त असते. पण काच लावून धागे मोजले तर रीड-पिक जुन्यापेक्षा हलके निघते. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचेही धागे मोजायचे ठरवले.

दोन्हींचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच. फोकसचे बिंदू दोन्हींत ११. नव्यात बॅटरी जास्त चालते. कंपनीच्या मोजमापाने जुन्यात एका चार्जिंगवर ७०० फोटो, नव्यात १२००. नव्यात ब्लूटूथ आहे, फोटो आपोआप मोबाईलवर जातात, मात्र ते २ मेगापिक्सेलच्या लहान आकारात.

आता घट पाहा. जुन्यात बाहेरचा माईक जोडण्याचे छिद्र आहे, नव्यात ते काढून टाकले. जुन्याचा फ्लॅश नव्यापेक्षा जोरदार. आणि सेन्सरवरची धूळ थरथरवून झाडण्याची सोय जुन्यात आहे, नव्यात नाही. ही शेवटची गोष्ट विक्रेत्याने सांगितलीच नाही. आमचे दुकान ज्या रस्त्यावर आहे तिथे दिवसरात्र ट्रक-ट्रेलर धावतात, मेट्रोच्या कामाची खोदाई आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. सकाळी झाडलेल्या ताक्यावर दुपारी बोट फिरवले तर रेघ उमटते. अशा जागी धूळ झाडणारा कॅमेरा बरा, असा आमचा हिशेब झाला. भाच्याला मालाचे व्हिडिओ काढायचे होते. हॉर्नच्या गोंगाटात माईकचे छिद्रही कामी येणार होते. आम्ही जुना घेतला.

वाचलेले पैसे भिंगात

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून ४० मिलिमीटरचे मायक्रो भिंग जुनेच घेतले. त्याने कापडाचा एकेक धागा दिसतो. एक खबरदारी सांगतो. या दोन्ही कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, ती भिंगात असावी लागते. जुनी एएफ-डी जातीची भिंगे स्वस्त मिळतात, पण त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. उलट, नवी एएफ-पी जातीची भिंगे डी ३३०० ला लावायची तर आधी त्याचे फर्मवेअर नवे करून घ्यावे लागते.

कापडवाल्यांना आणखी एक अडचण येईल. बारीक चौकड्याच्या शर्टिंगवर फोटोत इंद्रधनुषी लहरी उमटतात. दोष कापडाचा नाही. धाग्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर पडतात, म्हणून तसे होते. कॅमेरा थोडा मागेपुढे किंवा तिरपा केला की लहरी जातात. याला मोआरे म्हणतात. हे लहरदार रेशमी कापडाचेच नाव असून त्याचे मूळ अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडून घेतलेले, असे मानतात. उर्दू शाळेत शिकलेला 'इख्तियार' त्याच धातूतला. निवडीच्या गोष्टीत हा शब्द भेटला, म्हणून नोंदवला.

घेताना काय पाहावे

जुना कॅमेरा घेताना त्याने काढलेला ताजा फोटो मागून घ्यावा. शटर किती वेळा पडले तो आकडा निकॉनच्या फाईलमध्ये नोंदलेला असतो. भिंगातून टॉर्चचा उजेड आरपार पाहावा. पावसाळी दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. कापड उजेडावर धरून ऐब पाहतात, तसेच हे. छिद्र बारीक करून, एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.

ज्याला दिवसभर गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे आहेत आणि व्हिडिओशी काम नाही, त्याने नवा घेतला तरी चूक नाही. आमचे काम कार्ड रीडरवर भागते.

मात्र रंगाचा दोष नुसत्या कॅमेऱ्याने गेला नाही. आता आम्ही ट्यूबलाईट बंद करून सकाळी खिडकीपाशी कापड पसरतो, आधी कोरा पांढरा कागद दाखवून कॅमेऱ्याला पांढरा रंग ठरवून देतो आणि मगच फोटो काढतो. कापडात ऐब असेल तर त्याचाही फोटो पाठवतो. पार्सले परत येणे बंद झाले नाही, कमी झाले.

त्या बाईंनी गेल्या महिन्यात पुन्हा मोरपंखी मागवले. पार्सल अजून परत आलेले नाही.